खोडलेलं शून्य: आशालता देवी आणि नवी मुंबईतला तो सामना

हेडफोन नीट लावलेत ना? मग आधी एक प्रश्न घ्या. भारताच्या महिला फुटबॉल संघातल्या एका तरी खेळाडूचं नाव पटकन सांगा. गुगल नाही करायचं.

बऱ्याच जणांना नाही येणार, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मलाही २०२२ पर्यंत येत नव्हतं. ज्यांना येईल, ते बहुतेक बाला देवी किंवा मनीषा कल्याण म्हणतील. म्हणजे गोल करणाऱ्या. गोल अडवणारीचं नाव? तिथे गाडी अडते.

आजचा भाग त्या अडवणारीवर आहे. तिचं पूर्ण नाव लोइतोंगबाम आशालता देवी. जन्म ३ जुलै १९९३, इंफाळ, मणिपूर. खेळायची जागा सेंटर बॅक, म्हणजे गोलकीपरच्या पुढे, बचावाच्या अगदी मध्यभागी. आता तुम्ही म्हणाल, मणिपूरच्या मुलीचा आपल्या रायगडच्या पॉडकास्टशी काय संबंध? संबंध आहे. तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात झाली, आणि त्या स्पर्धेच्या गुणतक्त्यात तिच्या संघाने जे कमावलं होतं ते खोडलं गेलं. कुठे, तर महाडपासून दीडशे-एक किलोमीटरवर, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर.

तारीख २० जानेवारी २०२२. कोरोनाची तिसरी लाट, माझं वर्क फ्रॉम होम, बिरवाडीचं घर. आदल्या जुलैच्या पुराची रेघ अजून भिंतीवर तशीच होती, रंग काढायला कोणाकडे पैसे होते तेव्हा! संध्याकाळी साडेसातला मोबाईल त्याच भिंतीला टेकवून मी सामना लावला. एएफसी महिला आशियाई चषक, भारत विरुद्ध इराण. स्टेडियमात प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. रिकाम्या खुर्च्यांमुळे खेळाडूंचं ओरडणंसुद्धा ऐकू येत होतं, आणि त्यात एक आवाज सतत मागून येत होता. मागून ओरडणारी बहुतेक वेळा सेंटर बॅकच असते. कारण पूर्ण मैदान समोर दिसतं ते तिला आणि गोलकीपरला.

सामना सुटला ०-०. मी वैतागलो. इराणचा तो पहिलाच आशियाई चषक, क्रमवारीत ते आपल्या खाली, आपण संधीही भरपूर तयार केल्या आणि गोल एकही नाही. मित्रांच्या ग्रुपवर मी 'फालतू मॅच' असं लिहूनही टाकलं. ते वाक्य मला नंतर परत घ्यावं लागलं. का, ते येतं पुढे.

आधी बचाव म्हणजे काय ते जरा बोलू. हे फुटबॉलवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त चांगलं कळतं असं माझं प्रामाणिक मत आहे. रायगडच्या कुठल्याही गावात जा, कबड्डीचं मैदान सापडेल. कबड्डीत कोपऱ्यावरचा गडी काय करतो? चढाईवाल्याला आत येऊ देतो, थांबतो, आणि योग्य क्षणी घोटा धरतो. पकड झाली की गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर दोन गुण. म्हणजे वाचवणाऱ्याच्या नावापुढे आकडा लागतो. माझी चुलत बहीण शाळेत असताना डाव्या कोपऱ्यावर खेळायची. तिच्या पकडींचा हिशोब गावातल्या म्हाताऱ्यांना अजून तोंडपाठ आहे.

खो-खो तर त्याच्याही पुढे. तिथे संरक्षण करणारीचा वेळच मोजतात. कोण किती मिनिटं, किती सेकंद नाबाद पळाली ते दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. आपल्या धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताने खो-खोचं सुवर्ण जिंकलं, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिचा कुठलाही जुना सामना काढा, तिने संरक्षण किती वेळ केलं ते सेकंदात सापडेल. (त्याच २०१६ च्या स्पर्धेत महिला फुटबॉलचं सुवर्णही भारतालाच मिळालं. तेव्हा ते किती जणांनी वाचलं असेल देव जाणे.)

फुटबॉलमध्ये असं काहीच नाही. सेंटर बॅकने नव्वद मिनिटांत वीस वेळा चेंडू काढला, दहा वेळा पुढच्या खेळाडूला चुकीच्या दिशेला ढकललं, पाच वेळा फक्त बरोबर जागी उभी राहिली म्हणून पासच आला नाही, तरी स्कोअरबोर्डवर काय? शून्य. तेही समोरच्या संघाच्या नावापुढे. बचाव करणारीची कमाई म्हणजे दुसऱ्याच्या खात्यातलं शून्य. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, रात्री सर्व्हर सांभाळायची ड्युटी असते. रात्रभर काही बंद पडलं नाही तर सकाळी कोणी विचारत नाही. बंद पडलं तर सगळे विचारतात. त्यामुळे हे दुःख मला जरा जास्तच आपलं वाटतं, हे मान्य.

आता थोडं मागे जाऊ. आशालता खेळायला आली तेव्हा भारताचा महिला फुटबॉल कुठल्या अवस्थेत होता हे कळल्याशिवाय तिची गोष्ट नीट कळणार नाही. आणि यासाठी मी तुम्हाला ब्राझीलला नेणार आहे, कारण पुढे या गोष्टीत ब्राझील प्रत्यक्ष येतं.

ब्राझील म्हटलं की आपल्याला वाटतं, तिथे बाळ चालायच्या आधी चेंडू लाथाडतं. मुलगा असेल तर, हो. मुलींसाठी तिथे १९४१ मध्ये सरकारने फर्मान काढलं. स्त्रीच्या प्रकृतीला न शोभणारे खेळ स्त्रियांनी खेळायचे नाहीत, असा त्याचा मतलब. १९६५ मध्ये त्यात फुटबॉलचं नाव घालून ते आणखी पक्कं केलं. ही बंदी उठली १९७९ मध्ये, आणि महिला फुटबॉलला रीतसर नियम मिळाले १९८३ मध्ये. पेलेने तीन विश्वचषक जिंकले त्या सगळ्या काळात त्याच्याच देशात मुलीने मैदानावर फुटबॉल खेळणं बेकायदा होतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तारखा दोनदा तपासल्या.

आता त्याच वेळी भारतात काय चाललं होतं बघा. आपल्याकडे बंदी नव्हती. १९७५ मध्ये महिला फुटबॉलची वेगळी संघटना निघाली, लगेच राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. जानेवारी १९८० मध्ये आशियाई स्पर्धा कालिकतला भरली. यजमान भारताने दोन संघ उतरवले आणि त्यातला एक थेट अंतिम सामन्यात गेला. तैवानकडून ०-२ असा हरला, पण उपविजेता ठरला. १९८३ मध्ये बँकॉकला भारत पुन्हा उपविजेता. म्हणजे ब्राझीलमध्ये बंदी उठून जेमतेम वर्ष होत होतं, तेव्हा भारत आशियात दुसऱ्या क्रमांकावर होता.

मग गडबड कुठे झाली? कोणी बंदी घातली नाही, नुसतं लक्ष दिलं नाही. महिला संघटना आणि मुख्य फुटबॉल महासंघ बरीच वर्षं वेगवेगळे चालले. नंतर महासंघाने महिला फुटबॉल हातात घेतला, पण सामने? ते फार कमी. २००३ नंतर भारत आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत दिसलाच नाही. २००९ मध्ये तर फिफाने भारताला महिला क्रमवारीतूनच काढलं. कारण काय, तर संघ बराच काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना खेळला नव्हता. हरल्यामुळे खाली जाणं वेगळं. आपण खेळलोच नाही म्हणून यादीतून गेलो.

ब्राझीलने मात्र बंदी उठल्यावर गाडी पकडली. १९९१ मध्ये चीनमध्ये पहिला महिला विश्वचषक झाला. त्यात ब्राझीलने जपानला १-० ने हरवलं आणि ब्राझीलच्या महिलांचा विश्वचषकातला पहिलावहिला गोल केला एलाने नावाच्या खेळाडूने. एलाने कोण? डिफेंडर! पण जरा थांबा. तिचं नाव इतिहासात राहिलं ते तिने त्या दिवशी जपानला गोल करू दिला नाही म्हणून नाही. तिने पुढे जाऊन स्वतः गोल केला म्हणून. बचावपटूला इतिहासात यायचं तर दुसऱ्याचं काम करावं लागतं, असला हा न्याय.

तर अशा काळात, क्रमवारीतून बाहेर फेकलेला संघ पुन्हा उभा राहत असताना, २०११ मध्ये अठराव्या वर्षाच्या आसपास आशालता भारताच्या वरिष्ठ संघात आली. मणिपूरमध्ये मुलींच्या फुटबॉलला चांगली मुळं होती. बेमबेम देवी, बाला देवी, सगळ्या तिकडच्याच. त्यामुळे खेळायचं कोणाकडून शिकायचं हा प्रश्न नव्हता. प्रश्न होता, खेळायचं कुठे? कारण तेव्हा देशात मुलींसाठी राष्ट्रीय लीगच नव्हती. इंडियन वुमेन्स लीग सुरू झाली २०१७ च्या जानेवारीत. म्हणजे भारतासाठी पाच-सहा वर्षं खेळून झाल्यावर तिला आपल्या देशात लीगचा सामना मिळाला. आपल्याकडे आधी गल्ली, मग तालुका, मग जिल्हा अशी पायरी असते. इथे वरचा मजला आधी बांधला आणि जिना नंतर.

त्याचे परिणाम कसे दिसायचे? २०१४ ची इंचॉनची आशियाई स्पर्धा घ्या. भारताने मालदीवला १५-० ने हरवलं. पुढच्या दोन सामन्यांत दक्षिण कोरियाने भारताला १०-० ने हरवलं आणि थायलंडनेही १०-० ने. एकाच आठवड्यात पंधरा मारले आणि वीस खाल्ले. दक्षिण आशियात आपण दादा. सॅफ चषक २०१२, २०१४, २०१६, २०१९, सगळे आपले. पण वेशीबाहेर पाऊल टाकलं की दाणादाण. आणि दाणादाण होते तेव्हा सगळ्यात जास्त काम कोणाला असतं? बरोबर.

सेंटर बॅकचं काम हे नुसतं चेंडू उडवून लावण्याचं नाही. कबड्डीत साखळी करतात ना, दोन-तीन गडी हात धरून, तशी चार बचावपटूंची एक अदृश्य साखळी असते. मधली पुढे सरकली की चौघी सरकल्या पाहिजेत. त्या एकत्र सरकल्या तर समोरची खेळाडू ऑफसाइडमध्ये अडकते. एक जण पाऊलभर मागे राहिली तर सगळं संपलं, समोरची थेट गोलकीपरच्या तोंडावर. ही साखळी सरावाने जमते, आणि सराव म्हणजे एकत्र खेळलेले सामने. जो संघ वर्षाला मोजकेच सामने खेळतो त्याची साखळी तुटणारच. त्यात गडी काय करणार!

हळूहळू बदललं. नोव्हेंबर २०१८ मध्ये भारत ऑलिम्पिक पात्रतेची पहिली फेरी पहिल्यांदाच ओलांडून दुसऱ्या फेरीत गेला. एप्रिल २०१९ मध्ये म्यानमारमध्ये दुसरी फेरी झाली. शेवटच्या सामन्यात जिंकणं गरजेचं होतं. यजमान म्यानमारशी ३-३ अशी बरोबरी झाली, गुण सारखे झाले, आणि गोलफरकावर आपण बाहेर. त्याच वर्षी महासंघाचा २०१८-१९ चा सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार आशालताला मिळाला. एका बचावपटूला! ज्याने कोणी तो निर्णय घेतला, त्याने सामने नीट बघितले होते असं मी समजतो. सेथू एफसीकडून तिने लीगही त्याच हंगामात जिंकली. आणि भारताचं कर्णधारपदही तिच्याकडे आलं.

मग आलं आशियाई चषकाचं यजमानपद. यजमान म्हणून भारताला थेट प्रवेश. २००३ नंतर पहिल्यांदा. आणि ही स्पर्धा म्हणजे २०२३ च्या विश्वचषकाचं दारही होती. बारा संघ, त्यातले पाच थेट विश्वचषकात, आणि आणखी दोघांना प्ले-ऑफची संधी. म्हणजे उपांत्यपूर्व फेरी गाठली असती तर भारताचा महिला संघ आयुष्यात पहिल्यांदा विश्वचषकापासून एका सामन्यावर उभा राहिला असता. स्वीडनला २०११ च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकावर नेणारे थॉमस डेनरबी प्रशिक्षक म्हणून आणले. संघ तुर्कस्तान, उझबेकिस्तान, बहरीन, स्वीडन असा फिरला. आणि शेवटी ब्राझील.

२५ नोव्हेंबर २०२१, मनाउस, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं शहर. भारत विरुद्ध ब्राझील, वरिष्ठ महिलांचा सामना. पहिल्याच मिनिटाला ब्राझीलचा गोल. मी असतो तर तिथेच बसलो असतो. पण आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने मुसंडी मारली आणि बरोबरी! १-१. ब्राझीलविरुद्ध. मध्यंतराला फक्त २-१. शेवटी ब्राझील ६-१ ने जिंकलं, ते व्हायचंच होतं. पण हा सामना आणखी एका कारणासाठी लक्षात राहणारा. तो फॉर्मिगाचा ब्राझीलसाठी शेवटचा सामना होता. फॉर्मिगा म्हणजे पोर्तुगीजमध्ये मुंगी. वय ४३. सात विश्वचषक, सात ऑलिम्पिक. शेवटच्या काही मिनिटांसाठी ती मैदानात आली आणि निरोप घेऊन गेली. ती जन्मली १९७८ मध्ये, म्हणजे तिच्या देशात मुलींच्या फुटबॉलवर बंदी असताना. आणि तिच्या समोर उभ्या होत्या भारताच्या मुली, ज्यांच्या देशात बंदी कधीच नव्हती.

मला त्या ६-१ पेक्षा तो फरक जास्त लागतो.

बरं, आता परत नेरूळला. २० जानेवारीचं ते ०-०. मी वैतागून ग्रुपवर लिहिलं खरं, पण दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला. आशियाई चषकात इतक्या वर्षांनी पाऊल टाकलं, आणि पहिल्याच सामन्यात एकही गोल खाल्ला नाही. एक गुण खिशात. पुढे २३ तारखेला चायनीज तैपेई, २६ जानेवारीला चीन. चीन कठीण, पण तैपेईला अडवता आलं, एखादा गोल झाला, तर गटात तिसरं राहूनही पुढे जायची वाट होती, कारण तिसऱ्या क्रमांकावरच्या तीनपैकी दोन संघ आत जाणार होते. शून्याची किंमत तेव्हा कळली. ते शून्य म्हणजे आशालताच्या साखळीची मजुरी होती.

२३ जानेवारी, रविवार. संध्याकाळी पुन्हा मोबाईल भिंतीला टेकवला. सामना सुरूच होईना. मग बातमी आली. भारतीय संघात कोरोना पसरलाय. नियमाप्रमाणे सामन्यासाठी किमान तेरा खेळाडू हवेत, भारताकडे तेवढ्या उरल्या नाहीत. सामना रद्द. नंतर स्पष्ट झालं की सामना पुढे ढकलला जाणार नाही. कोरोनाकाळासाठी केलेल्या खास नियमानुसार, संघ उभा करता आला नाही तर त्याने स्पर्धेतून माघार घेतली असं धरलं जाणार. आणि माघार घेतलेल्या संघाचे झालेले सामनेसुद्धा रद्दबातल. म्हणजे इराणविरुद्धचं ते ०-० पण गेलं. गुणतक्त्यात भारताच्या नावापुढे सामना नाही, गुण नाही, खाल्लेला गोल नाही, न खाल्लेला गोलही नाही.

संघाभोवती जो सुरक्षित बबल होता तो फुटला कुठून, यावर तेव्हा पेपरांतून बराच वाद झाला. मला त्यात पडायचं नाही. नियम आधीपासून लिहिलेला होता आणि सगळ्यांना सारखा होता हेही खरं. स्पर्धेचं वेळापत्रक एका संघासाठी थांबवायचं तर बाकीचे अकरा संघ हॉटेलात अडकून पडणार, हेही मला कळतं. पण एक गोष्ट मला आजही पटत नाही, ती म्हणजे तो शब्द. माघार. माघार घ्यायला घेणारा लागतो. आपल्या भाषेत एखादा माणूस शेवटपर्यंत अडवून धरतो तेव्हा त्याने खिंड लढवली म्हणतात, आणि महाड-पोलादपूरच्या पोराला ती खिंड कुठली आणि १६६० साली तिथे कोण उभं होतं ते वेगळं सांगावं लागत नाही. इथे खिंडीत उभ्या असलेल्यांना तापाने पाडलं, आणि कागदावर लिहिलं, हे निघून गेले.

हे एवढं मनाला लागायला घरचंही एक कारण आहे, तेही सांगून टाकतो. त्याच महिन्यात माझे काका पॉझिटिव्ह आले. वसाहतीतल्या एका कारखान्यात ते कंत्राटावर होते, नाव नको घ्यायला. आठवड्याच्या तीन पाळ्या भरल्या, चौथ्या दिवशी गेटवर तपासणीत अडकले, घरी पाठवलं. महिनाअखेर पगार घ्यायला गेले तर कंत्राटदाराच्या मस्टरवर तो पूर्ण आठवडा कोरा. भरलेल्या तीन पाळ्यासुद्धा नाहीत. शेरा होता, 'स्वतःहून गैरहजर'. काकांनी भांडण नाही केलं. घरी येऊन एवढंच म्हणाले, 'अरे, न गेल्याचे पैसे नको देऊ, पण गेलो होतो ते तरी लिही.' ते तीन दिवसांचे पैसे शेवटपर्यंत मिळाले नाहीत. मी लोणेऱ्याला बीटेक केलं त्यातली बरीच फी याच माणसाच्या पाळ्यांतून गेलेली, त्यामुळे ते वाक्य डोक्यातून जात नाही. नेरूळच्या सामन्याबद्दल वाचताना मला दर वेळी ते मस्टर दिसतं.

स्पर्धा पुढे चालू राहिली. अकरा संघांची. ६ फेब्रुवारीला त्याच डी. वाय. पाटीलवर चीनने दक्षिण कोरियाला ०-२ असं मागे पडूनही ३-२ ने हरवलं. जबरदस्त सामना होता, बघितला नसेल तर हायलाइट्स बघा. आणि विश्वचषकाची तिकिटं ज्यांना मिळायची त्यांना मिळाली.

आशालता तेव्हा २८ वर्षांची. पुढचा आशियाई चषक चार वर्षांनी. सेंटर बॅकला या वयात चार वर्षं थांब म्हणणं म्हणजे काय, ते खेळलेल्यांनाच कळेल.

ती क्लबकडे परत गेली. २०२२ च्या मे महिन्यात गोकुलम केरलाने लीग जिंकली. निर्णायक सामना तिच्या जुन्याच संघाशी, सेथूशी. सेथूने सुरुवातीलाच गोल केला, आणि बरोबरी साधली आशालताने, पेनल्टीवर. गोकुलम ३-१ ने जिंकलं. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत तिचं नाव होतं, अर्थातच त्या पेनल्टीसाठी. एलानेची आठवण झाली मला.

विजेता म्हणून गोकुलमला आशियाई क्लब स्पर्धेत खेळायला मिळणार होतं, ऑगस्टमध्ये कार्शीला. संघ उझबेकिस्तानात पोहोचला आणि तेवढ्यात फिफाने भारतीय महासंघाला निलंबित केलं. कारण प्रशासनातला बाहेरचा हस्तक्षेप. निलंबनात देशातला कुठलाही क्लब बाहेर खेळू शकत नाही. मुली ताश्कंदच्या हॉटेलात बसून राहिल्या. निलंबन उठलं २६ ऑगस्टला, तोवर वेळ गेली होती, संघ न खेळताच परतला. जानेवारीत कोरोना, ऑगस्टमध्ये निलंबन. एका वर्षात दोनदा, आणि दोन्ही वेळा समोरच्या संघाने हरवलं नाही. मैदानाबाहेरून येणाऱ्या गोष्टींना ऑफसाइडमध्ये पकडता येत नाही.

इथे बऱ्याच कारकिर्दी संपतात. हिची संपली नाही. ती खेळत राहिली, सॅफ, पात्रता फेऱ्या, मैत्रीपूर्ण सामने, मिळेल ते. आणि १७ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूच्या दशरथ स्टेडियमवर, सॅफ स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध, ती शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळली. भारताची शंभर सामने खेळणारी पहिली महिला फुटबॉलपटू. २००९ मध्ये ज्या देशाला सामने खेळत नाही म्हणून यादीतून काढलं होतं, त्या देशाची खेळाडू शंभरवर पोहोचली. भारत ५-२ ने जिंकला. त्याच सामन्यात बाला देवीने भारतासाठी पन्नासावा गोल केला, त्यामुळे मथळे वाटले गेले. चालायचंच.

पुढच्या वर्षी, ५ जुलै २०२५ ला, चियांग माईमध्ये भारताने थायलंडला २-१ ने हरवलं आणि २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. यजमान म्हणून नाही, पात्रता फेरी जिंकून, पहिल्यांदाच. इंचॉनमध्ये १०-० ने हरवणारं थायलंड ते हेच. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. आणि थायलंडला एकावर रोखणाऱ्या चौघी कोण होत्या? शोधा आणि मला मेसेज करा. यावेळी गुगल चालेल.

काकांना मी या भागाबद्दल सांगितलं. त्यांना फुटबॉल कळत नाही. त्यांनी विचारलं, 'म्हणजे त्या दिवशी ती खेळली होती ना पण?' म्हटलं, हो काका, पूर्ण सामन्यात इराणला एक गोल करू दिला नाही. मी बघितला होता.

चला, लाइट जायच्या आत हे अपलोड करतो. भेटू पुढच्या भागात.